त्रेपन्नावा आठवडा

सिग्नल लाल होता म्हणून एस्बेनने सायकलवरून एक पाय खाली टेकवला, आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सिसेलचा, त्याच्या पूर्वीच्या बायकोचा, निरोप होता. चित्रच होतं खरं तर: डिसेंबर-जानेवारीच्या आठवड्यांची पट्टी, एक पिवळा चौकोन तिचा, एक निळा त्याचा, परत एक पिवळा. खाली तिने लिहिलं होतं, 'चार जानेवारीच्या सोमवारपासून विगा माझ्याकडे. ॲपवर बघून घेतलं. ठीक ना?' आणि पुढे एक उंचावलेला अंगठा. सिग्नल हिरवा झाला. मागच्या बाईने घंटी वाजवली, मग "अरे, झोप घरी काढायची!" असं म्हणून ती त्याच्या बाजूने पुढे निघून गेली. एस्बेन हलला नाही. पिवळ्या चौकोनात बावन्न, निळ्यात एक, पिवळ्यात दोन. बावन्ननंतर एक. त्याला आधी हसू आलं, मग ते विरलं. या वर्षाला बावन्न नव्हे, त्रेपन्न आठवडे होते. आणि ही पट्टी, हे गोल कोपऱ्यांचे सुबक चौकोन, त्याच्याच ऑफिसात तयार झाले होते.

ओडेन्समध्ये काय किंवा कोपनहेगनमध्ये काय, कुणी तारखांनी जगत नाही. सगळे आठवड्यांच्या आकड्यांनी जगतात. दंतवैद्य सहाव्या आठवड्यात, बर्फावरची सुट्टी सातव्यात, उन्हाळ्याची रजा एकोणतिसाव्यात. जेवणाच्या टेबलावर लोक 'आम्ही बेचाळिसाव्यात इटलीला जातोय' असं म्हणतात आणि समोरचा मान डोलावतो. एस्बेनला खात्री होती की मान डोलावणाऱ्यांपैकी शंभरात एकालाही हे आकडे कुठून येतात ते ठाऊक नाही. वेगळे झालेले आईबाप तर मुलंसुद्धा याच आकड्यांवर वाटून घेतात. सम आठवडे एकाकडे, विषम दुसऱ्याकडे, सोमवारी शाळा सुटली की मूल दुसऱ्या घरी जातं. त्यांच्या मुलीच्या, विगाच्या वर्गात मुलं एकमेकांना विचारतात, तू सम की विषम? पाच वर्षांपूर्वी सिसेलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तेव्हा ते दोघांचं होतं, सिसेलने डोळे पुसत विचारलं होतं, "तुला कुठले हवेत?" आणि तो लगेच म्हणाला होता, "विषम." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला मात्र त्या क्षणीही माहीत होतं की दर पाच-सहा वर्षांनी एखाद्या वर्षाला त्रेपन्नावा आठवडा येतो, तो विषम असतो, आणि त्यानंतर येणारा पहिलाही विषमच असतो. ज्याच्याकडे विषम, त्याला एकदा दोन आठवडे सलग मिळणार. तो हे बोलला नाही. ज्यांना आपलं वर्ष कसं बांधलंय हेच माहीत नाही, त्यांना ते बसल्या बसल्या समजावून सांगायची जबाबदारी आपली आहे असं त्याला वाटलं नाही.

त्याला ते दोन आठवडे हवे होते. भांडून नव्हे, उपकार म्हणून नव्हे, नियमाने हवे होते. एका आठवड्यात काही होत नाही. सोमवारी विगा येते ती पाहुणी म्हणून. फ्रिज उघडण्याआधी विचारते, "बाबा, दही घेऊ?" मंगळवारी विचारत नाही, पण घेतल्यावर सांगते. बुधवारी भांडते. गुरुवारी कुठेतरी ती त्याची होते, सोफ्यावर आडवी पडते, त्याच्या मांडीवर पाय टाकते, मोज्याला भोक पडलेलं असतं आणि त्याची तिला शुद्ध नसते. शुक्रवार, शनिवार तसेच जातात. रविवारी दुपारपासून ती पुन्हा नीट बोलू लागते. 'थँक यू' म्हणते. आपल्याच मुलीने आपल्याला थँक यू म्हणण्याइतकी हीन गोष्ट जगात दुसरी नाही असं एस्बेनचं मत होतं. त्याला एक असा सोमवार हवा होता ज्या सोमवारी ती आदल्या दिवसासारखीच उठेल, अर्धवट डोळ्यांनी, कुरकुरत, आणि आज कुठे जायचंय असा प्रश्न त्या घरात कुणाच्याही मनात नसेल. एवढंच. आणि ते एका गोल कोपऱ्यांच्या चौकोनाने पुसून टाकलं होतं.

ऑफिस कालव्याकाठच्या जुन्या गोदामात होतं. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर छोटे छोटे हिरवे ठिपके. ठिपका म्हणजे एक चाचणी. त्यांची कंपनी वेबपानांचे सुटे भाग बनवायची: बटणं, रकाने, दिनदर्शिका, आठवड्यांची पट्टी. एकदा बनवायचं आणि दहा ठिकाणी बसवायचं. तीच पट्टी एखाद्या दंतवैद्याच्या पानावर, तीच शाळेच्या, तीच सिसेल वापरते त्या पालकांच्या ॲपमध्ये. म्हणजे चूक एकदाच करायची आणि दहा ठिकाणी विकायची. ऑगस्टपासून एस्बेनकडे काम होतं ते या सगळ्या भागांसाठी आपोआप चालणाऱ्या चाचण्या उभ्या करण्याचं. चाचणी म्हणजे काय, तर एक छोटा प्रोग्राम बटण दाबतो, पट्टी सरकवतो आणि बघतो, जे दिसायला हवं ते दिसतंय का. दिसलं तर हिरवं, नाही तर लाल. लहान मुलालाही कळेल इतकं सोपं आहे. फक्त एक गोष्ट त्या प्रोग्रामला कळत नाही, ती माणसाने सांगावी लागते: काय दिसायला हवं. आणि एस्बेनच्या अनुभवात नेमकं तेवढंच माणसाला सांगता येत नव्हतं.

त्याने पट्टीची चाचणी उघडली. त्याने हे काम हाती घ्यायच्या आधीपासून ती तिथे होती, आणि हिरव्या चाचणीकडे कोण बघतो? चाचण्यांमध्ये घड्याळ थांबवलेलं असतं, नाही तर आजचं उत्तर उद्या बदलेल. कुणीतरी ते मे महिन्यातल्या एका बुधवारी थांबवलं होतं. बाहेर नोव्हेंबर, खिडकीच्या काचेवर समुद्राकडून आलेला ओला वारा, आणि आत त्या पट्टीसाठी वर्षानुवर्षं मे महिनाच. त्या बुधवारी बसून कुणी डिसेंबरकडे बघायची तसदी घेतली नव्हती. नाही, एका ठिकाणी घेतली होती. चाचणीचं नाव होतं, 'वर्ष संपल्यावर पट्टी बरोबर दिसते'. बावन्ननंतर काय दिसायला हवं, तिथे लिहिलं होतं: एक. पुढे नाव होतं यानिकचं.

यानिक समोरच बसायचा, लोकरी टोपी घालून, टेबलावर राय धान्याच्या ब्रेडचा डबा उघडा.

"हे तू लिहिलंस?"

"नाव माझं असेल तर मीच."

"बावन्ननंतर एक येतो हे तुला कुणी सांगितलं?"

"पट्टीने." यानिकने घास गिळला. "मी चालवून बघितली, एक आला. मी एक लिहिला. टेस्ट हिरवी झाली."

"म्हणजे तू पट्टीला विचारलंस, बाई, तू बरोबर आहेस का? आणि ती हो म्हणाली."

"असं म्हटलं की फार वाईट वाटतं रे," यानिक म्हणाला, आणि त्याला खरोखरच जरा वाईट वाटलेलं दिसलं. पण डबा त्याने बंद केला नाही.

एस्बेन आपल्या खुर्चीत मागे टेकला. त्याला राग येत नव्हता. रागाला समोर बरोबरीचा माणूस लागतो. हे लोक वाईट नव्हते. ते दुपारी साडेअकराला जेवत, चारला मुलांना आणायला जात, एकमेकांना कधी आवाज चढवून बोलत नसत. पण त्यांना उत्तर आधी दाखवलं की ते त्याला साजेसा प्रश्न शोधत. जे आलं तेच यायला हवं होतं, असं लिहून ठेवत आणि ते जुळलं म्हणून खूश होत. सिसेलही तशीच. तिने पट्टीत पाहिलं, पिवळा दिसला, अंगठा पाठवला. एवढी शिकलेली बाई, ग्रंथालयात काम करते, लोकांना चार पुस्तकं पडताळून बघा म्हणते, आणि आपल्या मुलीचा आठवडा एका रंगीत चौकोनावरून ठरवते. लग्नाच्या वर्षांत हेच त्याला असह्य झालं होतं. दुकानातली बाई म्हणाली म्हणून कोट चांगला, डॉक्टर म्हणाला म्हणून ताप नाही. आणि शेवटच्या हिवाळ्यात, "सगळे म्हणतात आपण एकमेकांसाठी बरे नाही," असं ती म्हणाली तेव्हा त्याने विचारलं होतं, "सगळे म्हणजे कोण, नावं सांग," आणि ती उठून दुसऱ्या खोलीत गेली होती. तेव्हाही तो बरोबर होता. तिला नावं सांगता आली नव्हती.

त्याने नवी चाचणी लिहिली. घड्याळ मे महिन्यातून उचलून या डिसेंबरच्या अखेरीस ठेवलं, आणि बावन्ननंतर दिसायला हवं म्हणून लिहिलं, त्रेपन्न. मग चालवली. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांमध्ये एक लाल ठिपका उमटला आणि कोपऱ्यातला लाल दिवा, जो विभागप्रमुख ट्रोल्सने हौसेने आणून बसवला होता, फिरू लागला.

"एस्बेन!" पलीकडच्या टेबलावरून हेन्रिएटे ओरडली आणि दोन्ही हातांनी टेबल बडवायला लागली. "ब्रुन्सविगर! ब्रुन्सविगर!" बाकीच्यांनीही बडवलं. ऑफिसचा नियम असा होता की जो पडदा लाल करेल त्याने शुक्रवारी सगळ्यांसाठी केक आणायचा, आणि ओडेन्समध्ये केक म्हणजे वरून गुळचट लोण्याचे ओघळ असलेला ब्रुन्सविगर. ट्रोल्सला वाटायचं, यामुळे लोक काळजीपूर्वक काम करतात. एस्बेनला ऑगस्टमध्येच दिसलं होतं की यामुळे लोक लाल होऊ शकेल अशी चाचणीच लिहीत नाहीत.

ट्रोल्स काचेच्या खोलीतून बाहेर आला. उंच, प्रसन्न माणूस, कुणाशीही बोलताना मान तिरकी करून ऐकायचा.

"कुणी तोडलं?"

"कुणी नाही. ते तुटलेलंच होतं. मी फक्त विचारलं."

"पण काल तर हिरवं होतं."

"काल कुणी विचारलं नव्हतं."

"छान, छान," ट्रोल्स म्हणाला. एस्बेनने पट्टीची चूक सांगितली तेव्हाही तो छान, छान म्हणाला. मग म्हणाला, "ऐक ना. डिसेंबरच्या मध्यापासून आपण कुणाच्याही पानावर काही बदलत नाही, तुला माहितीये. सणाचे दिवस. आता पट्टीला हात लावायचा म्हणजे सगळ्या ग्राहकांना कळवा, पुन्हा तपासा. तू असं कर, ती टेस्ट करडी करून ठेव."

"करडी?"

"चालवायची नाही, फक्त ठेवायची. करडी मोजत नाहीत. जानेवारीत बघू."

"जानेवारीत तो आठवडा होऊन गेलेला असेल."

"मग प्रश्नच मिटला!" ट्रोल्स मनापासून हसला, आणि यानिकही हसला, आणि एस्बेनला एकदम जाणवलं की ही चेष्टा नाही. हे त्यांचं खरंच मत आहे. प्रश्न निघून जाईपर्यंत करडा धरून बसायचं. किती जणांची लग्नं अशीच चालतात, त्याच्या मनात आलं, लाल नाहीत, हिरवी नाहीत, मोजत नाहीत.

"पालकांच्या ॲपमध्ये हीच पट्टी आहे," तो म्हणाला. "लोक तिच्यावरून मुलं कुठे पाठवायची ते ठरवतात."

ट्रोल्सने मान आणखी तिरकी केली. "तुझं यात काही घरचं तर नाही ना, एस्बेन?"

"वर्षात किती आठवडे असतात हा घरचा प्रश्न नाही."

"बरं बाबा. एका आठवड्यात करून दे. आणि केकवर बदाम नको सांग, हेन्रिएटेला चालत नाहीत."

दुरुस्ती करायला फार वेळ लागला नाही. कुणीतरी बावन्न झाले की पुन्हा एकपासून मोज असं लिहून ठेवलं होतं. ती एक ओळ काढली, वर्षाची लांबी खरोखर मोजायला लावली, आणि ठिपका हिरवा झाला. शुक्रवारी त्याने केक आणला. सगळ्यांनी खाल्ला, बोटं चाटली. कशासाठी आणला ते हेन्रिएटेलासुद्धा आठवत नव्हतं. तिने विचारलं, "वाढदिवस का रे तुझा?"

सिसेलला त्याने फोन केला तेव्हा तिकडे नळ वाहत होता.

"पट्टी चुकली आहे. या वर्षी त्रेपन्नावा आठवडा आहे, आणि त्यानंतर पहिला. दोन्ही विषम. चार जानेवारीचा आठवडा माझा आहे."

"कुठली पट्टी? ॲपमधली?"

"आमचीच आहे ती. दुरुस्त केली मी. पुढच्या आठवड्यात तुला दिसेल."

नळ बंद झाला. "थांब. तू ॲप दुरुस्त केलंस आणि आता तो आठवडा तुझा झाला?"

"तो होताच माझा."

तिने हातातलं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुला हे तेव्हाच माहीत होतं. टेबलाशी. म्हणून पटकन विषम म्हणालास."

"आकडे सगळ्यांना सारखेच असतात, सिसेल. तूही मोजू शकली असतीस."

"हो ना. मी रडत होते त्या दिवशी. मोजायचं राहूनच गेलं."

भांडण झालं असतं तर त्याच्याकडे सगळं तयार होतं: कराराचं वाक्य, आठवडे मोजायचा गुरुवारचा नियम, मागच्या त्रेपन्नाव्या आठवड्याचं वर्ष. पण ती भांडली नाही. "घे," ती म्हणाली. "दोन आठवडे घे. बरोबर आहेस तू. विगाला मात्र तूच सांग, मी नाही सांगणार." आणि तिने फोन ठेवला. एस्बेनला वाटलं, बघा, पुराव्यापुढे टिकत नाही. आणि लगेच वाटलं, हिने पुरावा पाहिलाच कुठे? मी म्हणालो, तिने मानलं. पट्टीचं मानलं होतं तसंच.

विगा पुढच्या विषम आठवड्यात आली. बारा वर्षांची, लांब हातांची, हँडबॉलमुळे एका गुडघ्यावर कायम खरचटलेली. गुरुवार होईपर्यंत त्याने वाट पाहिली. बटाटे सोलताना तो म्हणाला, "नव्या वर्षाला तू इथे सलग दोन आठवडे असणार आहेस."

"का?"

"कारण या वर्षी त्रेपन्नावा आठवडा आहे."

"हां, ते वाटाण्यांचं," विगा म्हणाली.

तिला आठवत होतं याचा त्याला अभिमान वाटला. ती सात-आठ वर्षांची असताना त्याने तिला याच टेबलावर वाटाणे मांडून दाखवलं होतं. सातांच्या रांगा, एका रांगेत एक आठवडा. शेवटची रांग अर्धी या वर्षात, अर्धी पुढच्या. मग ती कुणाची? त्याने घाई केली नाही. तिला स्वतःच विचार करू दिला. तिने वाटाणे तोडून वाटायचा प्रयत्न केला, दोन खाल्ले, मग हरली. तेव्हा त्याने सांगितलं: रांगेतला मधला वाटाणा बघायचा. गुरुवार. गुरुवार ज्या वर्षात, अख्खा आठवडा त्या वर्षाचा. आणि ज्या वर्षात गुरुवार त्रेपन्न, त्यात आठवडे त्रेपन्न. तिचे डोळे चमकले होते. मोठ्या माणसांना तो हे समजावायच्या फंदात पडत नसे, पण मुलाला एखादी गोष्ट कळते तो क्षण त्याने आयुष्यात दुसऱ्या कशाहीपेक्षा जपला होता. आणि मग तिने विचारलं होतं, "पण बाबा, आधीचे तीन वाटाणे दुसऱ्या वर्षाचे आहेत ना? त्यांना नाही विचारत कुणी?" तो हसला होता. "वाटाण्यांना काय विचारायचं?"

"आईला माहितीये?" विगाने आता विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"बरोबर आहे म्हणाली."

"मग ठीक," विगा म्हणाली. तिने एक बटाटा उचलला आणि सालं काढण्याची सुरी मागितली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी पण?"

"नाही, परत सहा वर्षांनी."

"तेव्हा मी अठराची असेन," ती म्हणाली. हिशेब चोख होता. त्यात आनंद होता की दुःख, ते त्याला ऐकू आलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. गुरुवार होता. ती त्याच्या शेजारी उभी राहून बटाटा सोलत होती, कोपर त्याच्या बरगडीला लागत होतं. दिसायला हवं ते दिसत होतं.

नवी पट्टी डिसेंबरच्या मध्याआधी सगळीकडे गेली. दोन दिवसांत पालकांच्या ॲपकडे तक्रारींचा ढीग लागला. कुणाची विमानाची तिकिटं काढलेली, कुणाची नवी बायको त्या आठवड्यात बाळंत होणार होती. एस्ब्येर्ग शहरातल्या एका बापाने लिहिलं होतं, 'गेल्या महिन्यात निळा होता, आता पिवळा कसा? मुलं काय रंगकाम आहे का?' ट्रोल्सने ते वाचून दाखवलं आणि मान तिरकी करून एस्बेनकडे बघितलं. एस्बेन म्हणाला, "त्यांनी मोजायला हवं होतं." यावर कुणी टेबल बडवलं नाही. यानिक उठून कॉफी आणायला गेला आणि एकट्यापुरतीच घेऊन आला.

नाताळ सिसेलकडे झाला, आणि मग तो आठवडा आला, त्रेपन्नावा. सोमवारी विगाने दही विचारून घेतलं. गुरुवारी, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, दोघांनी उकडलेला कॉड मासा मोहरीच्या सॉसबरोबर खाल्ला आणि बारा वाजता रिवाजाप्रमाणे सोफ्यावरून हात धरून नव्या वर्षात उडी मारली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने छत ठोकलं आणि विगा हसून हसून जमिनीवर लोळली. शनिवारी तिने दिवसभर केस विंचरले नाहीत. रविवारी दुपारी एस्बेन तिच्याकडे चोरून बघत राहिला. ती नीट बोलायला लागते का, थँक यू म्हणते का. नाही म्हणाली. संध्याकाळी पाय त्याच्या मांडीवर टाकून ती फोन बघत पडली होती आणि तो हलत नव्हता, पाय बधीर झाला तरी हलत नव्हता. त्याला ट्रोल्सला, यानिकला, सिसेलला, त्या एस्ब्येर्गच्या बापाला बोलावून दाखवावंसं वाटत होतं. बघा. मोजलं की हे मिळतं.

सोमवारी सकाळी ती अर्धवट डोळ्यांनी उठली, ओटच्या लापशीत जास्त साखर घातली, हातमोजे सापडत नाहीत म्हणून त्याच्यावरच ओरडली आणि दार आपटून शाळेत गेली. तो दाराकडे बघत थोडा वेळ तसाच उभा राहिला. ऑफिसमध्ये तो कुणाला काही बोलला नाही, पण यानिकच्या एका चाचणीतली चूक त्याने जवळजवळ प्रेमाने दाखवली. तीन वाजता निघाला. वाटेत कसायाकडून खिमा घेतला. घरी येऊन कांदा बारीक चिरला, खिम्याचे गोळे, फ्रिकाडेलर, वळले, तव्यावर लोणी टाकलं. चार वाजता बाहेर अंधार झाला. शाळा कधीच सुटली होती. हँडबॉल सोमवारी नसतो. त्याने तवा बाजूला केला. मग फोन वाजला.

"ती इथे आलीय," सिसेल म्हणाली.

"तिथे?"

"शाळेतून थेट इथे. जॅकेट काढलं, खोलीत गेली, पलंगावर आडवी झाली. मी कामावरून आले तेव्हा झोपली होती. मी म्हटलं, अगं, तू बाबाकडे ना? तर रडायलाच लागली."

"का रडली?"

"मला काय माहीत, एस्बेन. सवयीने आली. सोमवार म्हणून पाय इकडे वळले असतील."

"तिला माहीत होतं. मी तिला सांगितलं होतं."

"हो, माहीत होतं तिला. तेच म्हणतेय ती सारखं. मला माहीत होतं, मला माहीत होतं, बाबाला वाईट वाटेल." मागे विगाचा आवाज आला, आई, नको ना सांगू. सिसेलने फोनवर हात ठेवला असावा, सगळं पाण्याखालून आल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, "आज राहू दे तिला इथे? उद्या पाठवते."

खिडकीच्या काचेत स्वयंपाकघर दिसत होतं, दिवा, तवा, त्याचं स्वतःचं कपाळ. राहू दे, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द होते. त्याला ते तोंडात आलेले जाणवलेही. पण त्याच्या मागे कितीतरी गोष्टी उभ्या होत्या, पाच वर्षं, गुरुवारचा नियम, तो लाल दिवा, आणि त्या सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं.

"आठवडा माझा आहे," तो म्हणाला.

"हो," सिसेल म्हणाली. "तुझाच आहे."

अर्ध्या तासाने जिन्यात पावलं वाजली. तिच्याकडे या घराची किल्ली होती, पण बेल वाजली. एकदा, अगदी थोडी. त्याने दार उघडलं. विगा उभी होती, नाक लाल, केस टोपीखाली व्यवस्थित बसवलेले.

"सॉरी बाबा. मला वाटलं, आज सोमवार आहे."

"आज सोमवारच आहे."

"हो ना," ती म्हणाली.

तिने उंबरठा ओलांडला. भिंतीला टेकून तिने एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही उचलून दाराजवळ जोडीने ठेवले, टाचेला टाच लावून, वाटेत कुणाला येऊ नयेत असे. मग ती सरळ उभी राहिली, आणि त्याने आत ये म्हणण्याची वाट बघू लागली.